मिटलेल्या पात्याची कहाणी

सुरीला म्यान लागते, तलवारीलाही लागते. मिटता चाकू मात्र आपल्या मुठीलाच म्यान करतो. ही युक्ती माणसाला फार लवकर सुचली. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटता चाकू इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ते ५०० या काळातला मानतात. तिसऱ्या शतकातील रोमन कारागिराने चमचा, काटा आणि पाते एकत्र मिटवणारे चांदीचे साधन घडवले; ते आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. अडीच हजार वर्षांत कोडे मात्र बदलले नाही: पाते हवे तेव्हा सहज उघडावे, आणि नको तेव्हा मिटलेलेच राहावे.

या कोड्याची उकल पाहायला दूर जायला नको. आपल्या अकोटच्या बाजारातच फेरी मारू. नरनाळ्याच्या वाटेवरचे हे गाव सतरंज्यांसाठी नामांकित. पण आज विणकराचे घर ओलांडून पानठेल्यापाशी थांबू या. अडकित्ता म्हणजे दोन दांड्या आणि एक खिळा! खिळा फार घट्ट असला तर हात भरून येतो. सैल झाला तर सुपारी कातरली न जाता चिरडते. सारी करामत त्या खिळ्याच्या ताणात आहे.

शेजारच्या न्हाव्याकडे जुना वस्तरा असेल तर तोही पाहावा. त्याच्या पात्याला मागे बारीकशी शेपटी असते. तिच्यावर बोट टेकले की पाते मुठीतून वर येते. स्प्रिंग नाही, खटका नाही! जपानातील मिकी गावच्या लोहारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘हिगोनोकामी’ नावाचा स्वस्त चाकू केला, त्यालाही अशीच शेपटी होती.

दुसरी वाट स्प्रिंगची. इंग्लंडातील शेफील्डच्या खिशातल्या चाकूला पाठीमागे पोलादी पट्टी असे. तीच पात्याला उघडे धरी आणि मिटलेलेही. पात्यावरच्या खाचेत नख घालून तो उघडायचा. बोरू तासणाऱ्या आपल्या आजोबांना हे सांगायला नको. कितीतरी नखे त्या खाचेत तुटली असतील! फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, आणि १९५५ मध्ये त्याला फिरते कडे बसले. कडे फिरवले की पाते बोटावर मिटण्याचे भय संपले.

तिसरी वाट खटक्याची, आणि येथे कहाणी काळवंडते. उत्तर प्रदेशातील रामपूरचे कारागीर लांब पात्याच्या चाकूसाठी प्रसिद्ध झाले. हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हाती दिला. पाते उघडतानाचा आवाजच प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणी. भीती वाढली तसा कायदाही आला. अमेरिकेने १९५८ मध्ये आणि ब्रिटनने १९५९ मध्ये खटक्याच्या चाकूंवर बंधने घातली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यावर नियंत्रण आणले. घरकामाची व शेतीची अवजारे वगळली. वऱ्हाडातला विळा वाचला. रामपूरच्या धंद्याला मात्र उतरती कळा लागली. २०२३ च्या मार्चमध्ये त्या शहराच्या एका चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला गेला. ज्या वस्तूने बदनामी दिली, तीच शहराने मानाने मिरवावी, यात कारागिरांची व्यथाही आहेच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत किट कार्सन आदी कारागिरांच्या रचनांतून ‘फ्लिपर’ लोकप्रिय झाला, आणि वाट पुन्हा वस्तऱ्याच्या शेपटीशी आली. मिटलेल्या मुठीच्या पाठीवर पात्याचा छोटासा कोंब डोकावतो. तो बोटाने दाबायचा. आत एक बारीक गोळी पात्याच्या खळग्यात रुतून बसलेली असते. ती दाब अडवून धरते, आणि अडलेला जोर एकदम सुटला की पाते झेपावते. गोळी फार घट्ट रुतली तर बोट दुखते. सैल असली तर पाते अर्ध्यावर राहते.

महागड्या चाकूंत तुलना होते ती खिळ्यापाशी. काहींत पाते बारीक छर्‍यांच्या बेअरिंगवर फिरते: झटका हलका, वेग भन्नाट. काहींत फॉस्फर-ब्राँझच्या चकत्या असतात: चाल संथ, पण दमदार. काळ्या मातीची बारीक धूळ छर्‍यांत शिरली की ते करकरतात. चकत्या बऱ्याच सोशिक. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्याला हा भेद चटकन उमगेल.

अमेरिकेने २००९ मध्ये आपला कायदा सुधारला, तेव्हा ज्या चाकूची ओढ मिटण्याकडे आहे आणि जो उघडायला हाताचा जोर लागतो, तो खटक्याचा धरू नये असे ठरले. न्हाव्याला जे अनुभवाने ठाऊक होते, ते विधिमंडळाला एवढ्या उशिरा पटले म्हणायचे!

तेव्हा वाचकहो, असा चाकू कधी हाती आलाच, तर तो किती झपाट्याने उघडतो हे मागाहून पाहा. आधी तो मिटवा, पात्याची पाठ जमिनीकडे राहील असा धरा, आणि हळूच झटका द्या. पाते मुठीतून हलले नाही, तर घडवणाऱ्याचा हात खरा. मग तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि अडकित्त्याकडे वळा; पान तयार आहे.