शंभरातले ब्याऐंशी आणि तिसरीचा वर्ग

१२ मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह अजून आठ दिवसांवर होता. मुंबई विधिमंडळात शिक्षणावरच्या खर्चाची चर्चा चालू होती आणि बाबासाहेब बोलायला उभे राहिले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ मुले पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. शाळेचा उंबरठा ओलांडणारे मूल पक्के साक्षर होऊनच, पुन्हा अक्षर विसरणार नाही अशा अवस्थेतच बाहेर पडले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी मांडला.

हा आकडा सगळ्याच जातींच्या मुलांचा होता. त्यात आपल्या मुलांची गत काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

जयंतीच्या भाषणात 'शिका' हा शब्द आपण दरवर्षी उच्चारतो. पण ती ८२ मुले गेली कुठे, हा प्रश्न आपण विचारतो का? त्यांचे नाव हजेरीपटावर होते. ती शाळेत जात होती. चौथीच्या आधी, वर्गाच्या चार भिंतींत कुठेतरी ती गळाली आणि बहुतेकांच्या घरी ती का गळाली हे कधी कळलेच नाही. वर्गात काय चालते हे घराला माहीत नसणे, ही आपल्या शिक्षणाच्या इतिहासातली न बोलली गेलेली बाजू आहे. आम्हाला आज त्यावर बोलायचे आहे.

दाराबाहेरचा काळ

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य करून नाकारला, हे विशेष! तेव्हा लढाई दाराची होती. आत काय चालते हा प्रश्नच नव्हता, कारण आत जायलाच बंदी होती.

जोतीराव आणि सावित्रीमाईंनी वेगळी वाट काढली. १८४८ मध्ये मुलींची शाळा, १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांची शाळा. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. १८५३ मध्ये त्यांच्या शाळांमधल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली आणि ती पाहायला पुण्यात मोठी गर्दी लोटली. मुलींना काय येते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८५५ मध्ये त्यांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. म्हणजे मूल दिवसा शिकणार आणि कष्टकरी आईबापही पाटीला हात लावणार. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. थोड्याच वर्षांच्या शाळेत त्या मुलीने आपल्या समाजाचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडले आणि धर्माला प्रश्न विचारला. वर्गात खरे शिक्षण झाले की काय घडते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

सरकारी शाळांचे चित्र उलटे होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितले की पुण्यात महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर असून त्यांच्यासाठी एकच शाळा आहे आणि तिथे तीससुद्धा मुले येत नाहीत. वरच्या जातीच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून ही मुले सरकारी शाळांतून बाहेर राहतात, हे कारणही त्यांनी नोंदवले.

घरी येणारे गोणपाट

पुढे दार किलकिले झाले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आत गेले. पण आत काय होते? वर्गात हुशारीच्या क्रमाने मुले बसत, भीमरावांना मात्र त्यांच्या क्रमाच्या जागी बसता येत नसे. कोपऱ्यात, एकटे, गोणपाटावर. ते गोणपाट शाळेचा झाडूवालाही उचलत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्या गोणपाटाचा विचार करा. ते रोज घरी येत होते. मुलाला वर्गात कुठे बसवतात हे घराला विचारावे लागत नव्हते, काखेतले गोणपाटच सांगत होते. ते होते त्या वर्गाचे खरे प्रगतिपुस्तक.

आज गोणपाट घरी येत नाही. मुले बाकावर बसतात, गणवेश एकसारखा असतो, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. ही आपल्या लढ्याची कमाई आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण म्हणून वर्गातला भेद आणि वर्गातली गळती संपली असे समजायचे का? की फक्त ती घरापर्यंत पोहोचायची थांबली?

आजचा तिसरीचा दिवस

आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. एकदा पालकांना बसवून विचारले, तिसरीच्या वर्गात दिवसभर काय चालते? उत्तरे आली, "शिकवतात", "खिचडी देतात", "बाई चांगल्या आहेत". एक ताई म्हणाली, "कार्डावर चांगली श्रेणी आहे, पास झाला." तिच्या मुलाला पुस्तक उघडून दिले. धडा घडाघडा म्हटला. त्याच धड्यातला मधला एक शब्द बोटाने दाखवला, तर तो गप्प. धडा पाठ होता, वाचता येत नव्हते. त्या माऊलीच्या चेहऱ्याकडे आम्हाला पाहवले नाही.

यात तिचा काय दोष? प्रगतिपुस्तकात 'आकारिक', 'संकलित', 'वर्णनात्मक नोंदी' असे शब्द असतात. ते कोणी तिला समजावून सांगितले? तिसरीत कोणी नापास होत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण नापासाचा शिक्का मारून आपल्याच मुलांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर काढले गेले. पण 'वरच्या वर्गात' हा शेरा म्हणजे मूल शिकले याची पावती नव्हे. पूर्वी ८२ मुले शाळेतून गळत होती. आता मूल बाकावर बसल्या बसल्या गळते आणि हजेरी मात्र भरलेली असते.

तिसरीच का? तिसरीत परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक हातात येते. गणितात हजाराच्या आतल्या संख्यांची हातच्याची बेरीज-वजाबाकी असते, शब्दांतली उदाहरणे असतात. इथून पुढे प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असतो. ज्याला वाचता येत नाही, त्याचे सगळेच विषय एकदम बंद होतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केले, तेव्हा उद्दिष्ट हेच ठेवले की तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये जे मागितले, ते ९४ वर्षांनी अभियानाचे उद्दिष्ट म्हणून जाहीर होते!

विचारण्याचा हक्क

काही जण म्हणतात, अडाणी आईबापांना वर्गातले काय कळणार? हा जुनाच युक्तिवाद आहे, फक्त भाषा सभ्य झाली आहे. ज्या आईला वाचता येत नाही, तिलाही मूल अडखळते की नाही हे कानांनी कळते. पाठ नसलेले पान उघडून द्यावे आणि ऐकावे. मग गोष्ट काय होती ते सांगायला लावावे. "आज काय शिकवले?" एवढे विचारून मूल "काही नाही" म्हणते. त्याऐवजी विचारावे: आज कुठे बसलास? शेजारी कोण होते? बाईंनी तुला फळ्याजवळ कधी बोलावले? वर्ग कोणी झाडला? खिचडीच्या पंगतीत कोण कुठे बसले? पाणी कोणी घेतले? कोणी काय नावाने हाक मारली? पहिल्या दोन-तीन प्रश्नांनी शिक्षण कळेल, उरलेल्यांनी जात कळेल.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा आदेश दिला. त्या कायद्याने पालकाला जाब विचारला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकाला जाब विचारण्याचा हक्क दिला. कलम २४ प्रमाणे शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, उपकार नाही. कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. कलम ८ प्रमाणे वंचित घटकांतल्या मुलाशी भेदभाव होऊ न देणे ही सरकारची जबाबदारी आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात.

मग आपल्या वस्तीच्या शाळेत त्या समितीवर आपले कोण आहे? ज्यांची नावे आहेत, त्यांना ती माहीत आहेत का? बैठक सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारीवर जाणारी आई मजुरी बुडवून येणार कशी? बैठक संध्याकाळी घ्या, ही मागणी छोटी दिसते, पण तिच्याशिवाय कलम २४ कागदावरच राहते.

आम्ही हे शिक्षकांविरुद्ध मांडत नाही. एकाच खोलीत दोन-दोन वर्ग सांभाळून वर ऑनलाइन माहिती भरणाऱ्या शिक्षकाची कोंडी आम्हाला दिसते. रिक्त जागा भरा असे शाळेच्या बाजूने उभे राहून म्हणणारा पालकच त्या शिक्षकाचा खरा आधार असतो.

तरुण मित्रांनो, मिरवणुकीत आपण हजारोंनी असतो. पालक सभेला त्यातले दहा जण तरी जाऊ. ज्या आईला शाळेत बोलायला संकोच वाटतो, तिच्यासोबत जाऊन बसू. विहारातल्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा तिसरीच्या प्रत्येक मुलाला पाठ नसलेले पान वाचायला देऊ, त्याच्या आईबापांसमोर. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८५३ मध्ये जाहीर परीक्षा घेतली होती. आपल्या विहारात ती घ्यायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

बाबासाहेबांनी शंभरातल्या ब्याऐंशींचा हिशेब सरकारकडे मागितला. आपल्या वस्तीतल्या तिसरीच्या मुलांचा हिशेब आपल्याकडे आहे का?

जय भीम!