निशाणी बांगडी

आमच्या कुरुळीच्या घरात जिन्याखाली एक जातं आहे. 1978 साली मी लग्न होऊन इथं आले तेव्हा गावात गिरणी होती, पण माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, पहाटेचं दळण जात्यावरच काढायच्या. गिरणीचं पीठ गरम होतं, त्याची भाकरी गोड लागत नाही, असं त्या सांगायच्या. खरं कारण मला दोनेक महिन्यांनी कळलं. दिवसभर जिच्या तोंडून "होय जी" पलीकडं शब्द निघत नसे, ती बाई जात्याचा खुंटा हातात आला की बोलायची. पाऊस, माहेर, भावजय आणि विठ्ठल तर असायचेच. त्यांच्या मागून चाकणच्या बाजारातला आडत्या यायचा, मतं मागून गेलेला पुढारी यायचा आणि वाटणीत धाकट्याला फसवणारा थोरलाही यायचा. मामंजी पडवीत जागेच असत. सगळं ऐकत आणि कूस बदलत. जात्यावरच्या ओवीला पुरुषानं उत्तर द्यायची रीत नाही.

त्या घरात राजकारणावरचं पहिलं मत मी असं ऐकलं.

दुसरी जागा म्हणजे पार. संध्याकाळी तिथं पुरुष बसायचे. कोण निवडून येणार, कुणी किती खाल्लं, यात्रेची पट्टी यंदा घरटी किती धरायची, कुणाच्या बैलांना घाटात आधी बारी मिळणार, हे सगळं तिथं ठरायचं. पारावरून बाई गेली की ती पदर पुढं ओढून, पाय उचलून जायची. मी अंगणवाडीत सेविका म्हणून लागले, सगळ्या गावाची पोरं माझ्या हातांखालून गेली, तरी पारासमोर माझा पदर पुढंच यायचा. गावाचं मत पारावर कळतं असं पुस्तकांतही लिहितात. माझ्या मते ते अर्धं गाव आहे. दुसऱ्या अर्ध्याचं मत कुठं होतं, याचा शोध मी सेवानिवृत्तीनंतर घेतला. तो मला ज्या एका खुणेपाशी घेऊन गेला, तिच्याविषयीच हे लिहिते आहे.

मराठेशाहीत आपल्याकडं गावचा तंटा गोतसभेपुढं जायचा. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार आणि शेजारच्या गावांचे पाटील एकत्र बसायचे, साक्षी घ्यायचे आणि निवाड्याचा कागद व्हायचा. त्याला महजर म्हणत. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं आणि त्या मंडळींनी असे कागद घरोघरच्या दप्तरांतून सोडवून छापायला सुरुवात केली. महजराच्या खाली लिहिता न येणारी माणसं आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा आरसा. ज्याच्या हातातलं जे, ती त्याची सही. आणि वतनाच्या व्यवहारात एखादी विधवा पाटलीण आली, तर तिच्या नावापुढं असायचं: निशाणी बांगडी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. माझ्या आयुष्यात मी बांगडीचा दुसराच अर्थ ऐकत आले होते. पारावर कुणी माघार घेतली की "बांगड्या भर हातात" असं म्हणायचे. मोर्चात साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवतात, तोही बायकाच ठेवतात. मीसुद्धा एकदा ठेवला आहे. पाण्याच्या टाकीसाठी गेलो होतो, बऱ्याच वर्षांपूर्वी. फोटो निघाला. जी वस्तू एकेकाळी बाईच्या शब्दाची सही होती, तीच आम्ही दुबळेपणाची खूण म्हणून स्वतःच्या हातांनी साहेबापुढं मांडली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जुना काळ बायकांना चांगला होता, असं मी म्हणत नाही. गोतसभेत बाई बसत नव्हती. नवरा मेला आणि पोर लहान असलं, म्हणजेच तिची बांगडी कागदावर उमटायची, आणि बऱ्याचदा हक्क विकताना किंवा सोडताना. त्याच सभेत महाराचं वतन कबूल होतं, पण त्याला ओसरीवर जागा नव्हती. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिलं, त्यात हा गाडा कसा कुरकुरत चालायचा ते घरच्या माणसासारखं सांगितलं आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1917 मध्ये, हॅरल्ड मान या पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या इंग्रजानं आमच्या या पट्ट्यातल्या पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. आज तिथं टोलेजंग सोसायट्या आहेत. मानसाहेबांनी वावर नि वावर मोजलं. 1771 मध्ये एका खातेदाराकडं सरासरी 40 एकर होते, 1915 च्या सुमाराला 7 एकर उरले होते. कर्ज किती, उत्पन्न किती, सगळं मांडलं. आमच्या गावांविषयी इतकं नेटकं तोवर कुणी लिहिलं नसेल. मी ते आदरानं वाचते. फक्त वाचताना कान जात्याकडं लागतो.

इंग्रजांनी पाटील ठेवला, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि एल्फिन्स्टननं गावाची जुनी घडी एकदम मोडायची नाही असं धोरण धरलं. पाटील राहिला, पण आता तो गोताचा पुढारी कमी आणि सरकारच्या वसुलीचा माणूस जास्त झाला. मान तेवढा शिल्लक राहिला. पोळ्याला वेशीत पहिला बैल त्याचा, होळीला पहिला नैवेद्य त्याचा. या मानावरून आपल्याकडं डोकी फुटली आहेत. महसुली पाटलाचं पद 1962 च्या कायद्यानं, 1 जानेवारी 1963 पासून संपलं. त्याआधी 1958 चा ग्रामपंचायत कायदा आला होता. म्हणजे मी रांगत होते त्या वर्षांत सातबारा तलाठ्याकडं गेला, कारभार सरपंचाकडं गेला आणि पोळ्याचा मान जागेवरच राहिला. आमच्या पट्ट्यात पुढाऱ्याला अजूनही दोन मापं लावतात: कामाला एक माप आणि मानाला दुसरं. कामात कमी पडलेला माणूस मानावर दोन निवडणुका सहज काढतो.

हे असं फक्त आपलंच असेल, अशी माझी समजूत होती. माझी नात इतिहासात एमए करते. एका दिवाळीत ती म्हणाली, "आजी, तुझ्या जात्यासारखी गोष्ट नायजेरियात घडलीय." मग दोन रात्री तिनं मला ती वाचून दाखवली.

नायजेरिया हा देश इंग्रजांनी 1914 मध्ये दोन मुलखांना एकत्र जोडून केला. जोडणाऱ्या लुगार्ड साहेबाचा जन्म आपल्या मद्रासचा. स्थानिक राजांमार्फत राज्य चालवायचं, ही त्याची पद्धत. पण आग्नेयेकडच्या इग्बो मुलखात बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता. गाव बसायचं, बोलायचं आणि ठरवायचं. तिथं इंग्रजांनी सनद देऊन प्रमुख नेमले. काल ज्याला कुणी विचारत नव्हतं तो आज सनदेच्या जोरावर बायका, शेळ्या, मजूर ओढून नेऊ लागला. 1928 मध्ये पुरुषांवर कर बसला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ओलोको गावी अशा एका प्रमुखाचा माणूस मोजणी करत न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या दारात आला आणि तुझी माणसं, शेळ्या, मेंढ्या मोज म्हणाला. ती पाम तेल काढत होती. बायकांवरही कर येणार, हे तिनं ओळखलं आणि ती उलटून बोलली.

मग पामची कोवळी पानं गावोगाव फिरली. आपल्याकडं अक्षत देऊन बोलावतात, तसं ते बोलावणं होतं. हजारो बायका निघाल्या. त्यांच्यात जुनी रीत होती: बायकांना छळणाऱ्या पुरुषाच्या दारात सगळ्यांनी मिळून बसायचं, रात्रभर नाचायचं आणि त्याच्या चुका गाण्यातून त्यालाच ऐकवायच्या. तो माफी मागेपर्यंत उठायचं नाही. ती घरगुती रीत त्यांनी सरकारच्या प्रमुखांवर चालवली. ओलोकोच्या प्रमुखाची अधिकाराची टोपी गेली, त्याला तुरुंग झाला. डिसेंबरात सरकारनं गोळ्या झाडल्या आणि पन्नासच्या वर बायका मेल्या. पण पुढच्या काही वर्षांत ती सनदी प्रमुखांची पद्धत सरकारला बदलावी लागली.

त्या देशात आजही माणसं पुढाऱ्यांबद्दल आणि रूढींबद्दल बाजारात, बसमध्ये तावातावानं बोलतात, असं नात सांगते. चिनुआ अचेबे या त्यांच्या मोठ्या लेखकानं 1983 मध्ये एक लहानसं पुस्तक लिहून देशाच्या दुखण्याचं मूळ नेतृत्वात आहे असं मांडलं. आमच्या पाराला ते पटलं असतं. माझं मन मात्र न्वान्येरुवापाशी थांबलं. तिथल्या बायका एका जागी जमून, त्या माणसाच्या तोंडावर गात होत्या. आमची बाई एकटी, अंधारात, भिंतीआड गात होती.

ते गाणं कुणी लिहून घेतलंच नाही, असं मात्र नाही. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथले झालेले गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात करून हजाराच्या वर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्या बाईला कुणी कधी तिचं मत विचारलं नाही, तिचं मत तिच्या नावागावासकट त्यांनी टिपलं. आता दोघंही नाहीत. आत्याबाईंच्या ओव्या त्यात नाहीत, आणि मी त्यांची सून, हाताशी कागद-पेन्सिल असूनही त्या कधी लिहून घेतल्या नाहीत.

मला आठवतो तो 1980 चा कांदा. शरद जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळच्या अंबेठाणला शेती करत होते. त्या जानेवारीत आमच्याकडच्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत रस्त्यासाठी चालत मोर्चा आला, मग कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला. पुरुष रस्त्यावर होते. पण उलटी पट्टी म्हणजे काय, हे मला आत्याबाईंनी जात्यावर शिकवलं होतं. कांदा विकायला न्यायचा, हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून घ्यायचं आणि शेतकऱ्यानंच वर पैसे द्यायचे. पात कापून कापून बोटं चिरलेल्या बाईला हा हिशेब कुणी समजवावा लागत नव्हता. जोशींच्याच शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं, लाखाच्या वर बायका आल्या. नंतर 'लक्ष्मीमुक्ती' आली: बायकोच्या नावावर थोडी जमीन करा. आमच्याकडं त्यावर पारावर खूप बोलणं झालं. जमीन कुणी केली नाही.

आणि मग जमिनीला सोन्याचा भाव आला. पिंपरीत 1954 पासून पेनिसिलीनचा कारखाना, मग आकुर्डी, भोसरी. शतक संपता संपता कारखाने चाकणला पोचले. जिराईत माळ, ज्यावर मटकी हुलग्याशिवाय काही येत नव्हतं, तो गुंठ्यावर विकला जाऊ लागला. इकडं 1994 मध्ये महाराष्ट्रानं आणि 2005 मध्ये देशानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. त्यामुळं प्रत्येक व्यवहाराला बहिणींच्या सह्या लागू लागल्या. हक्कसोडपत्र हा शब्द या पट्ट्यातल्या प्रत्येक लेकीला पाठ आहे.

माझं माहेर मावळात, पवनेकाठी. 2007 मध्ये भाऊ न्यायला आला. स्वतः गाडी घेऊन आला, हे पहिल्यांदाच. वहिनीनं पुरणपोळी केली, दोघी बहिणींना पैठणी आणली. दुसऱ्या दिवशी दस्त नोंदवायला गेलो. माझी सही मराठीत, झोकदार. धाकटीचा अंगठा. "ताई, माहेर तुटायला नको," एवढंच ती कानात म्हणाली. भाऊ माझा वाईट नाही, आजारपणात तोच धावून आला. पण त्या दिवशी मला महजरावरची बांगडी आठवली नाही, कारण मी ती तोवर वाचलेली नव्हती. आज आठवते. तीनशे वर्षांनीही बाईची निशाणी हक्क सोडताना लागते, हटकून लागते, आणि ती मिळेपर्यंत तिला साडीचोळी असते.

पंचायतीच्या खुर्चीचंही सुरुवातीला तसंच होतं. बारामती तालुक्यातल्या निंबूतला 1960 च्या दशकात सगळ्या बायकांची पंचायत झाली होती, तो अपवाद. बाकी ठिकाणी राखीव जागा आल्या तेव्हाच बाई खुर्चीवर आली. 1990 मध्ये 30 टक्के, घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश, 2011 मध्ये निम्म्या. सही तिची, बोलणं नवऱ्याचं, असं खूप वर्षं चाललं. मी तरी त्यावर हसत नाही. पहिल्या वेळी जी नुसती सही करते, ती दुसऱ्या वेळी कागद वाचते. अंगणवाडीत माझ्याकडं येऊन ठरावाचा मसुदा वाचून घेणाऱ्या सदस्य मी पाहिल्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद झाली, तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, इथं मोठ्यानं बोललं तरी चालतंय ना?"

गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नाचा घाणा भरायला ते जातं जिन्याखालून बाहेर काढलं. धुतलं, हळदीकुंकू लावलं, खुंट्याला आंब्याची डहाळी बांधली. पाच सवाष्णी बसल्या. हळद दळायला लागल्या, पण ओवी कुणालाच पुढं नेता येईना. दोन ओळींवर अडायचं आणि हसायचं. मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी परभणीकडची पोर कडेवर बाळ घेऊन उभी होती. नवरा कंपनीत कंत्राटावर. ती म्हणाली, "काकू, मी बसू?" बसली. खुंटा धरला आणि गळा मोकळा केला. आधी नवरीचं गायली, मग तिच्या गावच्या दुष्काळाचं, मग आठ महिने कायम करतो म्हणून नवव्या महिन्यात काढून टाकणाऱ्या कंत्राटदाराचं, त्याच्या गाडीचं, त्याच्या गळ्यातल्या साखळीचं. शब्द तिथंच जुळवत होती.

पडवीत पुरुष मांडववाल्याशी बोलत होते. ते गप्प झाले. मी घरात गेले आणि वही घेऊन आले.