पडशीवाल्याचे बिऱ्हाड

1930 सालच्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या स्कोपस टेकडीवर, हिब्रू विद्यापीठाच्या प्राणिगृहाचे प्रमुख हाइन्झ बेन-मेनाहेम यांच्या हवाली नऊ लहान जीव करण्यात आले. सोनेरी-तांबूस अंगाचे, आखूड शेपटीचे, मुठीत मावतील एवढे. त्यांनी ते लाकडी तळाच्या एका पिंजऱ्यात ठेवले आणि रात्र उलटल्यावर पाहतात तो तळ कुरतडलेला होता व नवांपैकी पाच जण नाहीसे झाले होते. घरातला पाळलेला उंदीर पळाला तर मुले चार दिवस हळहळतात आणि गोष्ट तेथेच संपते; परंतु येथे गेलेला प्रत्येक जीव म्हणजे मोठ्या शोधाचे आणि अनेकांच्या श्रमांचे फळ होते. आज ज्याला आपण सोनेरी हॅम्स्टर म्हणून ओळखतो आणि ज्याच्या ठेंगण्या भाईबंदांची जोडपी मुंबई-पुण्याच्या सदनिकांतही काचेच्या पेटीत नांदताना दिसतात, त्या प्राण्याच्या आजवर टिकलेल्या मानवसहवासाचा इतिहास अशा रीतीने एका चुकीच्या पिंजऱ्यापासून सुरू होतो. आणि तो पुढे चालू राहिला तो एका योग्य पिंजऱ्यामुळे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

या प्राण्याचे मूळ वतन सिरियातील अलेप्पोच्या भोवतालचा, गव्हाच्या शेतांचा सपाट मुलूख. अरबी भाषेत हलब म्हटल्या जाणाऱ्या त्या प्राचीन शहरी अठराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांची वखार होती आणि अलेक्झांडर व पॅट्रिक रसेल हे दोघे बंधू एकामागून एक त्या वखारीचे वैद्य होते. अलेक्झांडर यांनी 1756 साली अलेप्पोच्या निसर्गाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि 1794 साली पॅट्रिक यांनी त्याची विस्तारित आवृत्ती काढली, तीत हॅम्स्टरचा उल्लेख येतो. एका हॅम्स्टरच्या गालांच्या पिशव्यांतून कोवळ्या शेंगा निघाल्या; त्या इतक्या कौशल्याने लांबीच्या अंगाने रचून भरलेल्या होत्या, की बाहेर सैल मांडल्यावर त्यांचा ढीग प्राण्याच्या शरीराच्या तिप्पट भरला. हेच पॅट्रिक रसेल पुढे हिंदुस्थानात आले, विशाखापट्टणच्या परिसरात राहून त्यांनी येथील सर्पांचा अभ्यास केला, आणि आपल्या शेतांच्या बांधांवर आढळणाऱ्या घोणसाच्या शास्त्रीय नावात त्यांचेच नाव आजही वावरते. घोणसाचे आणि या निरुपद्रवी धान्यसंग्राहकाचे नाते असे एकाच मनुष्याच्या नोंदवहीत जुळलेले आहे.

या जीवाला सिरियातील अरबी बोलीत जे नाव आहे त्याचा अर्थ पडशीवाला असा होतो, आणि घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी पडशी ज्याने पाहिली आहे त्याला ते नाव किती यथार्थ आहे हे सांगावे लागणार नाही. हिब्रूत त्याला ओगेर, म्हणजे साठवून ठेवणारा, म्हणतात. आणि ज्या जर्मन भाषेतून हॅम्स्टर हा शब्द जगभर गेला तीतही त्यावरून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ साठेबाजी करणे असाच आहे. जो जीव आपली शिदोरी गालांत घेऊन चालतो त्याला ती रिती करण्यासाठी कोठार लागते, आणि कोठारासाठी खोल जमीन लागते. हे सूत्र तीन भाषांतील नावांतच सांगून ठेवलेले होते. माणसाला ते उमगण्यास मात्र फार काळ लागला.

शास्त्रीय वर्णनाचा मान जॉर्ज वॉटरहाउस यांच्याकडे जातो. अलेप्पोहून आलेल्या एकाच नमुन्यावरून त्यांनी 1839 साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ही जात मांडली. त्यानंतर 1880 च्या सुमारास एका ब्रिटिश वाणिज्यदूताने अलेप्पोहून काही हॅम्स्टर एडिंबरोला नेले आणि त्यांची संतती सुमारे तीस वर्षे तेथे टिकून लयास गेली. पुढे ही जात जवळजवळ विस्मृतीत गेली असता तिचे स्मरण करून दिले ते एका रोगाने, आणि तो रोग होता आपल्या देशाला चांगला परिचित असलेला काळा आजार.

काळ्या आजाराचे जंतू 1903 साली विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे प्रकाशात आणले, आणि लीशमन यांचा रुग्ण कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत राहून गेलेला एक शिपाई होता. बंगाल व आसाममधील गावेच्या गावे ओस पाडणारा हा रोग प्रयोगशाळेत अभ्यासावयाचा तर त्याचे जंतू ज्याच्या शरीरात वाढतील असा लहान प्राणी हवा होता. चिनी हॅम्स्टर त्यासाठी उपयोगी पडतो हे 1924 साली पेकिंगमध्ये सिद्ध झाले. परंतु तो कैदेत प्रजा वाढवीत नसे आणि चीनहून त्याची पुनःपुन्हा आवक करणे जिकिरीचे होते. तेव्हा हिब्रू विद्यापीठातील परोपजीविशास्त्रज्ञ सॉल ॲडलर यांनी विचार केला, की जवळच्याच प्रदेशातील हॅम्स्टर मिळाला तर हा प्रश्न सुटेल. आणि ही कामगिरी इझ्राएल आहारोनी यांच्यावर सोपवण्यात आली. आहारोनी हे प्राणिशास्त्रज्ञ, तुर्की अमदानीत सिरियाचा मुलूख पायाखाली घातलेले आणि प्राण्यांना हिब्रू नावे देण्याचे व्रत घेतलेले गृहस्थ होते.

12 एप्रिल 1930 रोजी अलेप्पोनजीकच्या एका शेतात, स्थानिक शेखाच्या परवानगीने, मजुरांनी जमीन खणली. उभे पीक मोडत सुमारे आठ फूट खाली गेल्यावर घरटे लागले आणि त्यात एक मादी व तिची अकरा पिल्ले सापडली. भयभीत मादीने एका पिल्लाचे डोके चावले, तेव्हा इतरांच्या जिवासाठी तिला दूर करून मारावे लागले. उरलेली पिल्ले आहारोनी पतिपत्नींनी हाताने वाढवली, आणि त्यांतील नऊ शेवटी स्कोपस टेकडीवर पोहोचली.

आठ फूट खाली ज्यांचे घर होते त्यांना लाकडी फळीवर आणून बसवण्यात आले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सकाळच्या रिकाम्या पिंजऱ्याचा अर्थ कळू लागतो. ते पळाले नव्हते; ते खाली निघाले होते. कुरतडणे हा त्यांचा खोडसाळपणा नव्हता, ती त्यांच्या रक्तातली दिशा होती. बेन-मेनाहेम यांच्या कर्तृत्वाचा खरा गौरव असा, की घडलेल्या अनर्थाने खचून गेले असतानाही त्यांनी अधिक मजबूत कुलूप किंवा अधिक जाड फळी शोधली नाही. त्यांनी तारेच्या जाळीचा एक मोठा पिंजरा घेतला, तो वाळलेल्या गवताने ठासून भरला आणि प्रकाशासाठी वरच्या बाजूस केवळ दोन-तीन बोटे जागा मोकळी सोडली. त्यात प्रथम मादीला सोडले, तिने गवतात शिरून आपले घर केले, आणि ती स्थिरावल्यानंतर एक-दोन दिवसांनी नर आत सोडण्यात आला. त्या भावाबहिणीच्या मीलनातून पहिली पिल्ले जन्मली आणि वर्षभरात ती संख्या दीडशेवर गेली. आज जगातील प्रयोगशाळांत व घरांत जे सोनेरी हॅम्स्टर आहेत ते बहुतेक सर्व त्या गवताच्या पिंजऱ्याचे वंशज होत.

पुढचा प्रसार वेगाने झाला. 1931 साली ॲडलर यांनी काही जोड्या इंग्लंडला पोहोचत्या केल्या आणि 1938 साली अमेरिकेत त्यांची रवानगी झाली. युद्धोत्तर काळात तेथे हॅम्स्टरची जोडी टपालाने मागवून घरी पैदास करण्याचा धंदा चांगलाच फोफावला. प्रयोगशाळेचा प्राणी मुलांच्या खोलीत गेला. परंतु दुर्दैवाने त्याच्याबरोबर प्रयोगशाळेचाच पिंजरा गेला, म्हणजे कमीत कमी जागेत जास्तीत जास्त प्राणी ठेवता यावेत आणि सफाई सहज व्हावी या हिशेबाने बेतलेली लहान पेटी. तळाशी भुशाचा पातळ थर, एका बाजूस पाण्याची बाटली, दुसऱ्या बाजूस चाक. एवढ्या दौलतीवर पिढ्यान्पिढ्या हॅम्स्टर दिवस कंठीत राहिले. पुढे पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्यांचे पिंजरे आले आणि बिळाचा देखावा उभा राहिला. पण जो जीव माती उकरून भुयार करतो त्याला तयार भुयार देणे म्हणजे विणणाऱ्या सुगरण पक्ष्याला टांगलेले तयार घरटे देण्यासारखे आहे.

ठेंगण्या हॅम्स्टरची कथा उत्तरेकडची आहे. रशियाच्या सेवेतील निसर्गसंशोधक पीटर सायमन पालास यांनी 1773 साली सायबेरियाच्या गवताळ प्रदेशातील झुंगारी हॅम्स्टरचे वर्णन केले. कोन्स्टांटिन सातुनिन यांनी 1903 साली वर्णिलेल्या जातीला संशोधक रोबोरोव्स्की यांचे नाव मिळाले, आणि मंगोलियातून चार्ल्स विल्यम कँपबेल यांनी मिळवलेल्या जातीला ओल्डफील्ड थॉमस यांनी 1905 साली त्यांचेच नाव दिले. सोनेरी हॅम्स्टर शंभर ग्रॅमच्या पुढे जातो, तर हे ठेंगू त्याच्या निम्म्याहूनही हलके. आणि झुंगारी हॅम्स्टर हिवाळ्यात दिवस आखूड होताच अंगावर पांढरा कोट चढवतो. स्वभावाचा भेद त्याहूनही मोठा आहे. सोनेरी हॅम्स्टर एकलकोंडा, प्रौढ झाल्यावर सोबती सहन न करणारा; उलट ठेंगण्यांतील काही जातींत जोडीने राहण्याची प्रवृत्ती आहे, आणि कँपबेलच्या हॅम्स्टरमध्ये तर नर प्रसूतीच्या वेळी मादीला साहाय्य करून पिल्लांना बाहेर येण्यास मदत करतो, असे कॅनडातील संशोधकांनी 2000 साली नोंदवले. म्हणूनच या ठेंगण्यांची जोडी एकत्र ठेवण्याची पद्धत पडली, आणि म्हणूनच जोडीचे बिऱ्हाड हलवणे हा नाजूक व्यवहार ठरला.

गवताच्या पिंजऱ्याचे शहाणपण शास्त्राने पुन्हा मोजून पाहिले ते पाऊणशे वर्षांनी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी सोनेरी हॅम्स्टरना 10, 40 व 80 सेंटिमीटर खोलीचा भुसा घालून ठेवले. 2006 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की 10 सेंटिमीटर भुसा मिळालेले हॅम्स्टर पिंजऱ्याच्या तारा सर्वांत अधिक कुरतडीत व चाकावरही अधिक धावत, आणि 80 सेंटिमीटरमध्ये तारा कुरतडणे मुळीच आढळले नाही. जी फळी 1930 साली कुरतडली गेली, त्याच फळीचा हा अंकांत मांडलेला खुलासा होय.

तेव्हा ठेंगण्यांच्या जोडीलाही मोठ्या पिंजऱ्यात नेताना लांबी-रुंदीपूर्वी खोलीचा विचार व्हावा. ओल नसलेला, धूळ नसलेला भुसा आणि वाळके गवत इतके घालावे, की बीळ ढासळणार नाही. आणि जुन्या पिंजऱ्यातील भुशाची एक ओंजळ, मुख्यतः घरट्यातली, नव्यात अवश्य मिसळावी, कारण पोटावरील गंधग्रंथीने आपली हद्द ठरवणाऱ्या या जीवांचा सातबारा वासाच्याच लिपीत लिहिलेला असतो, आणि तो एका झटक्यात पुसला गेला तर कालपर्यंत एका घरट्यात निजणारी जोडी परक्यांसारखी भांडू लागते. दोघांना एकाच वेळी सोडावे, म्हणजे आधी आलेला मालकी सांगणार नाही. दोन चाके, दोन निवारे आणि दोन दिशांनी बाहेर पडता येईल अशी घरे असावीत, दाणे एका ठिकाणी न ठेवता विखरून टाकावेत, आणि पहिल्या रात्री जवळ बसून पाहावे. रक्त निघेपर्यंत भांडण गेले तर त्यांना कायमचे वेगळे करण्यात कमीपणा नाही; तो या मुक्या जीवांचा निवाडा आहे आणि तो मानला पाहिजे.

परंतु बहुधा तसे होत नाही. दोघेही प्रथम कडेकडेने हुंगत फिरतात, मग एक जण थांबून उकरू लागतो, दुसरा त्याच्या मागून भुसा मागे लोटतो, गालांत भरलेले दाणे खाली नेले जातात, आणि सकाळी पाहावे तो पिंजरा रिकामा. स्कोपस टेकडीवरच्या त्या पहिल्या सकाळीही पिंजरा असाच रिकामा होता आणि ते पाहून एका मनुष्याचे काळीज विदीर्ण झाले होते. त्यानंतर काही दिवसांनी गवताने भरलेला त्याचा दुसरा पिंजराही वरून पाहणाऱ्याला रिकामाच दिसत असला पाहिजे, पण त्या रितेपणाच्या पोटात एक वंश आकार घेत होता. नव्या पिंजऱ्याजवळ उभे राहून कोणी दिसत नाही म्हणून ज्याला समाधान वाटते, त्यानेच आपल्या पडशीवाल्यांचे बिऱ्हाड नीट हलवले असे समजावे.