नऊ टक्क्यांचा सौदा

महिन्याला 300 येनच्या वर एकाही साइटने गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत आणि जे मिळतील त्यातले 91 टक्के साइटवाल्याचे. जपानच्या एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने 22 फेब्रुवारी 1999 रोजी आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा सुरू केली, त्या व्यवस्थेतला हा हिशेब. कंपनी ठेवत होती 9 टक्के, फोनच्या बिलातून वसुली करून देण्याची हमाली म्हणून.

हे कळलं तेव्हा मी मुंबईत कॉलर ट्यूनच्या धंद्यात होतो. माझा विश्वासच बसेना. आमच्याकडे गिऱ्हाइकाचे महिन्याला तीसेक रुपये जायचे आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनी आधीच काढून घ्यायची. मग संगीत कंपनी, मग आम्ही. गाणाऱ्यापर्यंत काय पोचायचं ते न विचारलेलं बरं.

डोकोमो काही दानशूर नव्हती. तिची खरी कमाई डेटात होती: 128 बाइटच्या दर पॅकेटला 0.3 येन. खेळणी बनवणाऱ्या बान्दाईने महिना 100 येनमध्ये कार्टूनची चित्रं विकली, की ती उतरवून घेताना मीटर पडायचं डोकोमोचं. साइटवाल्याचं पोट भरलं तरच तो नवं काही आणणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

ही मांडणी निव्वळ इंजिनिअरांची नव्हती. डोकोमोत आय-मोडची जबाबदारी असलेल्या केइची एनोकींनी मारी मात्सुनागांना आणलं, त्या नोकऱ्यांच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकाच्या संपादक. व्यवहार बांधला ताकेशी नात्सुनोंनी. मला मात्सुनागाबाईंची निवड जास्त धाडसी वाटते. फोनवरचा अधिकृत मेन्यू म्हणजे शेवटी अनुक्रमणिकाच. आत कोण, ते कंपनी ठरवी. पण बाहेरच्यांना मज्जाव नव्हता. एचटीएमएलच्या आटोपशीर रूपात पान लिहिता येणारा कुणीही साइट काढी, फक्त बिलातून वसुलीची सोय त्याला नसे. युरोपातल्या वॅप या फोनवरच्या इंटरनेटच्या पद्धतीसाठी वेगळीच भाषा शिकावी लागे. ऑगस्ट 2000पर्यंत आय-मोडचे एक कोटी ग्राहक झाले.

नोव्हेंबर 2008मध्ये याच डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये 26 टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी टाटा डोकोमो ही मोबाइल सेवा आली. धंद्यातले आम्ही काही जण नऊ टक्क्यांकडे डोळे लावून होतो. पण गाजली ती कॉलसाठी सेकंदाला एक पैशाची योजना.

त्याआधीच, जुलै 2008मध्ये, ॲपलने ॲप स्टोअर उघडून 30 टक्के कापायला सुरुवात केली होती. या तीस टक्क्यांवरून पुढे जगभर कोर्टकज्जे झाले. आमच्या ऑफिसात मात्र सत्तर टक्के हातात पडणार म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.