वर्णमाला आणि वाणी : प्राथमिक शाळांतील चित्रशिक्षणामागील दोन उपमा

‘रेखन ही एक भाषा आहे’ हे विधान चित्रशिक्षणावरील लेखनात इतक्या वेळा येऊन गेले आहे की, ती एक उपमा आहे याचाही वाचकास विसर पडावा. भाषेच्या अभ्यासकास मात्र येथे थबकावे लागते. भाषा म्हणजे कोणती, लिहिली जाणारी की बोलली जाणारी? या प्रश्नाला ज्याने जे उत्तर गृहीत धरले, त्यावरून प्राथमिक शाळेतील चित्राच्या तासाचे स्वरूप ठरत गेले, असे या विषयाचा इतिहास पाहता दिसते.

पहिले उत्तर पेस्तालोत्सीचे. या स्विस शिक्षकाने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, मुलाला लेखणी पेलण्यापूर्वी पाटीवरची पेन्सिल पेलते. म्हणून रेखन आधी आणि लेखन मागाहून. १८०३ मध्ये त्याने व त्याचा सहकारी बुस याने जे पुस्तक काढले त्याच्या नावातच मुळाक्षरांचा निर्देश आहे. आडवी रेषा, उभी रेषा, तिरपी रेषा, चौरस, चौरसाचे विभाग आणि मग वक्र आकार अशी ही ‘निरीक्षणाची मुळाक्षरे’ होती. योजना गोरगरिबांच्या मुलांसाठी होती आणि हेतू उदात्त होता. परंतु पेस्तालोत्सीने येथे लिपीलाच भाषा मानले, असे मला वाटते. कोणतेही मूल वर्ण जोडून बोलावयास शिकत नाही. ते आधी आपल्याला हवे ते मागते. वर्ण वेगळे काढणे हे पुढे वैयाकरणाचे काम.

औद्योगिक युगाला ही वर्णमाला फार सोयीची ठरली. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनानंतर हेन्री कोल याच्या नेतृत्वाखाली साउथ केन्सिंग्टन येथे जी पद्धती आकारास आली, तिच्या अभ्यासक्रमाचे तेवीस टप्पे होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७० साली कायद्याने सार्वजनिक शाळांत रेखन सक्तीचे केले आणि पुढील वर्षी त्याच पद्धतीत तयार झालेल्या वॉल्टर स्मिथला इंग्लंडहून बोलावून घेतले. स्मिथच्या पद्धतीत एक प्रकार असा होता की, शिक्षकाने तोंडी सूचना द्याव्यात आणि साऱ्या वर्गाने त्याबरहुकूम रेषा ओढाव्यात. आपल्याकडे शुद्धलेखन घालतात, तसेच हे चित्र घालणे! उपमा शब्दशः घेतली की ती कोठवर जाते, याचा याहून बोलका पुरावा नाही.

मुंबईत ही परंपरा १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेच्या द्वारे आली. तेथे १८९३ पासून चित्रशिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला आणि रेखनाच्या श्रेणी-परीक्षा गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचल्या. तथापि ही पद्धती रिकाम्या भूमीत पडली नाही. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवीत असे, मोडीचा कित्ता पुढे ठेवून वळण घोटीत असे. चिटणिसी, बिवलकरी ही वळणांची नावेच सांगतात की, अक्षर हे अनुकरणाने येणारे हस्तकौशल्य मानले जाई. मराठीत चित्रही ‘काढतात’ आणि अक्षरही ‘काढतात’, क्रियापद एकच. त्यामुळे चित्राचा कित्ता मराठी शिक्षकाला परका वाटण्याचे कारणच नव्हते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र व संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखन बसविले गेले, तेही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. (रांगोळीही ‘काढतात’, पण घरी शिकलेल्या त्या रेखनाची नोंद शाळेच्या वहीत क्वचितच झाली.) ज्याची रेघ सरळ येईना त्याला ‘हात नाही’ असा शेरा मिळे आणि तो बहुधा जन्मभर पुरे.

दुसरे उत्तर वाणीचे. कोर्रादो रिची या इटालियन अभ्यासकाने १८८७ मध्ये मुलांच्या कलेवर पुस्तक लिहिले. व्हिएन्नात फ्रान्झ सिझेकने १८९७ साली आपला बालकलावर्ग उघडला. फ्रेंच अभ्यासक ल्युके याने १९१३ मध्ये स्वतःच्या मुलीची चित्रे तपासून दाखविले की, लहान मूल दिसते ते काढीत नाही, ठाऊक असते ते काढते. जपानात यामामोतो कानाए याने १९१९ साली सरकारी चित्रपुस्तकांवरून नक्कल करण्याविरुद्ध ‘मुक्त चित्रा’ची चळवळ आरंभिली आणि नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. या सर्वांच्या दृष्टीने चित्र हे मुलाचे बोलणे आहे, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवू नये.

माझी सहानुभूती या पक्षाकडे आहे, परंतु संमती पूर्ण नाही. वाणी स्वयंभू नसते. ज्या मुलाच्या कानावर बोली पडत नाही, त्याला ती बोली येत नाही. चित्राचेही तसेच आहे. ब्रेंट व मार्जरी विल्सन यांनी १९७७ मध्ये असे मांडले की, मुलांच्या रेखनातील बहुतेक प्रतिमांचा उगम इतरांनी काढलेल्या चित्रांत सापडतो. सिझेकच्या वर्गातील चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर त्यांत एक सामाईक ढंग दिसतो. गुरूने कित्ता दिला नाही तरी वर्गाने तो निर्माण केला. तेव्हा अनुकरण सदोष नव्हे. दोष आहे तो एकच कित्ता असण्यात आणि तो मुलाच्या बोलण्याआधी पुढे येण्यात.

सेवाग्राम येथे शांतिनिकेतनचे देवीप्रसाद १९४४ पासून नयी तालीमच्या मुलांना चित्र शिकवीत होते. १९३७ च्या वर्धा योजनेने हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवला होता. देवीप्रसादांनी कलेला शिक्षणाचा पायाच म्हटले. मराठी मुलखात घडलेल्या या प्रयोगाची दखल आपल्या चित्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात जितकी घेतली जावयास हवी होती, तितकी घेतली गेली नाही, हे माझे मत आहे.

मॅरियन रिचर्डसन या इंग्रज शिक्षिकेचे कार्य भाषाभ्यासकाला अधिक जवळचे वाटेल. बालचित्रांची ही पुरस्कर्ती १९३५ साली हस्ताक्षराची पुस्तके घेऊन आली. त्यांत मूल आधी लाटांसारखी, कमानींसारखी नक्षी सलग ओढते आणि तिच्यातूनच अक्षरे निघतात. क्रम पेस्तालोत्सीचाच, रेखन आधी, लेखन मागाहून. पण येथील रेषा मोजून घेतलेली नाही, ती हाताच्या लयीतून आलेली आहे. लेखणी न उचलता ओळीच्या ओळी लिहिणाऱ्या मोडीच्या हाताला ही लय चांगलीच परिचयाची होती.