जालन्यात उतरलेली गदा

मुष्टियोद्धा आधी हौशी असतो, मग व्यावसायिक होतो. मराठी पैलवानाचं उलटं: जत्रेच्या फडात इनामाच्या कुस्त्या पोरवयातच सुरू होतात, गुणांची मॅट मागाहून येते.

अशा पैलवानांचा राज्यातला मानाचा किताब म्हणजे महाराष्ट्र केसरी. तो पहिल्यांदा १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारींनी जिंकला. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी.

डिसेंबर २०१८मध्ये ही स्पर्धा थेट जालन्यातच भरली. अंतिम लढत माती विभागाच्या विजेत्याची गादी म्हणजे मॅट विभागाच्या विजेत्याशी, आणि तीही मॅटवर. मातीतल्या मल्लावर हा अन्यायच, नाही का? तरीही मूळच्या करमाळा तालुक्यातल्या, बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखनं गतविजेत्या अभिजित कटकेला ११-३ असं हरवून किताबाची गदा पटकावली.