कवडशातला रेणू

मुंबईतल्या भाभा केंद्राचे हिंदी नाव 'परमाणु अनुसंधान केंद्र' आणि मराठी नाव 'अणुसंशोधन केंद्र'. हिंदीतला परमाणु तो आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू! मराठी शाळेतून हिंदी पुस्तकाकडे वळलेल्या मुलाचा पाय इथे घसरला तर नवल नाही.

रेणू म्हणजे मुळात धूळ. प्राचीन वैशेषिक दर्शनाच्या हिशेबात दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. माजघरातल्या कवडशात तरंगताना दिसतो तो. आजचा रेणू असा दिसायचा नाही. 18 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार चमचे पाण्यात तो सुमारे 6 वर 23 शून्ये इतका भरतो. साम्य एवढेच, की दोघेही जुळून झालेले. बोलीत मात्र 'अणुरेणू' हा एकजीव जोडशब्द. कणाकणात देव आहे म्हणताना त्यांतला फरक कोण बघतो?

युरोपातल्या रसायनज्ञांनीही बराच काळ तो पाहिला नाही, आणि त्याची किंमत मोजली. 1808 साली डाल्टनने अणुवाद मांडला, पण पाण्याच्या सूक्ष्मतम कणालाही तो अणूच म्हणे, 'संयुक्त अणू'. त्याच वर्षाच्या शेवटी गे-ल्युसॅकने दाखवले, की 2 माप हायड्रोजन आणि 1 माप ऑक्सिजन मिळून 2 माप वाफ होते. समान मापांत कण समान धरले, तर ऑक्सिजनचा एकेक कण दोन वाटण्यांत गेला पाहिजे. पण ग्रीकमध्ये अणूच्या नावाचा अर्थच 'न कापता येणारा'! डाल्टनने ही मापेच मानली नाहीत.

1811 साली इटलीच्या आव्होगाद्रोने गाठ सोडवली. ऑक्सिजन वायूचा कण मुळात जोडीचा आहे. दुभंगतो तो रेणू, अणू नव्हे. पण सारख्याला सारखा चिकटेल कसा, असे म्हणणाऱ्यांत बर्झेलियससारखा दरारा असलेला माणूस होता. 1860 मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोने आव्होगाद्रोची बाजू लावून धरली, तेव्हा आव्होगाद्रोला जाऊन 4 वर्षे झाली होती.

याच जोडीमुळे आजही घोटाळा होतो. रेणू दिसला की आपण संयुग म्हणून मोकळे होतो. ऑक्सिजनच्या रेणूत 2 अणू, ओझोनच्या रेणूत 3. पण सगळे एकाच जातीचे, म्हणून दोन्ही मूलद्रव्येच. वेगळ्या जातीचे अणू ठरल्या प्रमाणात जुळले, तरच संयुग. मीठ तर याहून खट्याळ. ते पक्के संयुग, पण खड्यात त्याचा रेणू शोधू जाल तर हाती लागणार नाही. सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, खडाभर एकाआड एक रचलेले असतात. कोण कुणाचा जोडीदार, सांगता यायचे नाही. शाळेत मी मिठाच्या रेणूचे चित्र बिनदिक्कत काढले होते, आणि त्याला पूर्ण गुणही मिळाले होते.